सुलतान खान आणि डावाची सुरुवात

बुद्धिबळाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की मुले माझ्याकडे येतात आणि एखादी हमखास सुरुवात मागतात. दहा-बारा खेळ्या पाठ केल्या की काम भागेल, अशी त्यांची समजूत असते. त्यांना मी मीर सुलतान खान यांचे चरित्र सांगतो.

पंजाबातील मिठा टिवाणा हे त्यांचे गाव, आज ते पाकिस्तानात आहे. लहानपणी ते शिकले ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. फौजा सावकाश भिडतात; त्यामुळे सुरुवातीचे पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. १९२८ साली त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९ मध्ये सर उमर हयात खान या जमीनदारांनी त्यांना विलायतेस नेले.

लंडनमध्ये सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरली. तीत सुलतान खान तळाशी राहिले. युरोपीय खेळाडूंच्या ओठांवर असलेल्या सुरुवाती त्यांना ठाऊकच नव्हत्या. मग विंटर आणि येट्स या खेळाडूंनी त्यांच्याबरोबर सराव केला. त्याच उन्हाळ्यात त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले; पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही!

काही आठवड्यांत सारे सुरुवातशास्त्र कोणाला पाठ होणार? माझे मत असे की, ज्या मांडणीतील प्रत्येक मोहऱ्याचे काम आपल्याला कळते, तीच त्यांनी जवळ केली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याविरुद्धचा त्यांचा डाव पाहा. पाचव्या खेळीला त्यांनी वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवले. दिसायला खेळी किरकोळ. पण काळ्याचा उंट पुढे येऊन पांढऱ्याच्या घोड्याला जखडणार होता, ती वाट तिने बंद केली. ६५ खेळ्यांनंतर कापाब्लांका हरले. पुढे हीच कल्पना पेट्रोसियन यांच्या नावाने रूढ झाली आणि कास्पारोव्ह यांनीही ती वापरली.

म्हणून मी मुलांना सांगतो : एकच सुरुवात घ्या, प्रत्येक खेळीपुढे ‘कशासाठी?’ असे लिहा, तिच्यातून निघणारे डाव शेवटपर्यंत खेळून पाहा आणि हरलेला डाव कोठे फिरला ते वहीत टिपा. प्रतिस्पर्धी पुस्तकाबाहेरची खेळी करतो तेव्हा पाठांतर संपते. समज मात्र टिकते.

सुलतान खान यांना निरक्षर नोकर म्हणण्याची प्रथा पडली होती; त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडे तिच्यावर आक्षेप घेतला आहे. १९३३ च्या अखेरीस ते आश्रयदात्याबरोबर मायदेशी परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. त्यात एक बरोबरीत सुटला, बाकीचे नऊ सुलतान खानांनी जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धा त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. १९६६ मध्ये सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली!

विलायतेतील जेमतेम पाच वर्षांत त्यांनी एवढे मिळवले. सुरुवातीचे अज्ञान त्यांनी मेहनतीने भरून काढले. पण खेळायला मिळणे दुसऱ्याच्या मर्जीवर होते. आपल्याला पट आहे, पुस्तके आहेत, स्पर्धाही आहेत. तेव्हा हमखास सुरुवात मागण्यापेक्षा एक सुरुवात समजून घ्यावी, हे बरे.