भाऊ पाध्ये: नाक्यावरच्या पोरांना बोलू देणारा लेखक

भाऊ पाध्ये यांचा जन्म १९२६ साली मुंबईत, दादरला झाला. कामगार चळवळ, शिक्षकी, विमा महामंडळातली नोकरी, मग पत्रकारिता असं सगळं त्यांनी केलं. त्यातून मुंबईच्या नाना तऱ्हेच्या बोली त्यांच्या कानावर पडत गेल्या.

१९६५ साली त्यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी आली आणि खळबळ उडाली. गोष्ट सांगतो पोक्या, नाक्यावर टवाळक्या करणारा पोरगा, तेही स्वतःच्या शिवराळ भाषेत. लेखक मध्ये पडून त्याला दटावत नाही. आचार्य अत्र्यांनी पुस्तकावर कडाडून टीका केली. अश्लीलतेचा शिक्का बसला.

रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिन यांच्या मते, कादंबरीत समाजातल्या अनेक भाषा एकमेकींना भिडतात आणि लेखकाचा आवाज त्यातला फक्त एक असू शकतो. या नजरेनं पाहिलं, तर पोक्याची भाषा नुसती शिवीगाळ उरत नाही. सभ्य, प्रमाण मराठीसमोर दुसरी मुंबई स्वतःच्या तोंडानं बोलते. वाद पेटला तो तिथेच.

भाऊ १९९६ साली गेले. पोक्याबद्दल काय मत करायचं, ते मात्र त्यांनी वाचकावरच सोडलं.