मडकी विकणारी सिती

उन्हाळा लागला की आमच्या आठवडे बाजारात मडकी विकणारी एक बाई येते. काय खणखणीत आवाज तिचा! भाजीच्या गल्लीत उभं राहिलं तरी ऐकू येतो. परवा तिच्याकडून माठ घेताना मला सिती बिंती साद आठवली. तिच्याविषयी वाचलं, तेव्हापासून ही बाई माझ्या मनातून जातच नाही. मैत्रिणींनो, आज तिचीच गोष्ट सांगते.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ हिंदी महासागरात झांजिबार नावाचं बेट आहे, लवंगांसाठी प्रसिद्ध. तिथल्या फुम्बा गावी १८८० च्या सुमारास सितीचा जन्म झाला. घर गरीब, आणि घराण्याला गुलामगिरीचा डाग. तिचं पाळण्यातलं नाव होतं मतुम्वा, म्हणजे चक्क गुलाम! झांजिबारमध्ये कायद्याने गुलामगिरी संपली ती १८९७ मध्ये. पण कायदा झाला म्हणून लोकांच्या मनातला शिक्का थोडाच पुसला जातो? आपल्याकडे तरी कुठे पुसला गेलाय?

आईच्या हाताखाली ती मडकी घडवायला शिकली. मडकी डोक्यावर घ्यायची, शहरात जायचं आणि हाळी देत गल्लोगल्ली विकायची, हा तिचा दिनक्रम. तिची हाळी दूरवर ऐकू जाई म्हणतात. लग्न झालं, मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. शेवटी १९११ च्या सुमारास ती गाव सोडून शहरात राहायला आली. शाळेचं तोंड न पाहिलेली, तिशी ओलांडलेली, नवऱ्याचा आधार नसलेली बाई. अशा वयात आपल्याकडे बायकांना काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शहरात तिची गाठ गाण्या-बजावण्यातल्या माणसांशी पडली. त्यांनी तिच्या आवाजाचं मोल ओळखलं. झांजिबारमध्ये तेव्हा ताराब नावाचा संगीतप्रकार होता. सुलतान बरघाशने इजिप्तहून आणवलेलं हे राजवाड्यातलं संगीत, अरबी भाषेतलं आणि बहुतेक पुरुषांनीच गायचं. सितीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने अरबी गाणी ऐकून ऐकून तोंडपाठ केली. तिची बैठक बसली आणि मग तिने खरं धाडस केलं. ती आपल्या लोकांच्या स्वाहिली भाषेत गाऊ लागली. अरबी सुरावटीला आफ्रिकी ढोलाचा ठेका मिळाला आणि वाड्यातलं गाणं गरिबांच्या वस्तीत आलं. ऐकणाऱ्या बायका उठून डोलू लागत, नाचत नाचत पुढे येऊन गायिकेच्या हातात पैसे ठेवत. ताराबमध्ये ही प्रथा आजही आहे.

याच काळात तिचं नाव बदललं. मतुम्वाची सिती झाली. सिती म्हणजे बाईसाहेब! बिंती साद म्हणजे सादची मुलगी.

आणि आता आपल्या जवळची गोष्ट. १९२८ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने सिती आणि तिच्या साथीदारांना तबकड्या काढण्यासाठी बोलावलं, ते आपल्या मुंबईला! बोटीने समुद्र ओलांडून ही मंडळी आली. पूर्व आफ्रिकेतल्या गायिकेचा आवाज तबकडीवर उतरला तो मुंबईत, हे वाचून मला फार अप्रूप वाटलं. तबकड्या हजारोंनी खपल्या. चहाच्या दुकानांत, घराघरांत सिती वाजू लागली.

नाव झालं तशी टवाळीही झाली. तिच्या रूपावरून, गरिबीवरून, ती खेड्यातून आली यावरून खिजवणारी गाणी रचली गेली. तिने उत्तर गाण्यानेच दिलं. रूप नसलं तरी अक्कल आणि गळा देवाने दिलाय, असा त्या उत्तराचा मथितार्थ.

तिचं किजिती नावाचं गाणं तर प्रत्येक बाईने समजून घ्यावं असं. दार-एस-सलामहून झांजिबारला आलेल्या एका बाईवर अत्याचार करून तिचा खून झाला. खुनी पळून गेला आणि कोर्टाने शिक्षा कोणाला दिली? तिच्या सोबत असलेल्या बायकांना! वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या सितीने हा अन्याय गाण्यातून घराघरात पोचवला. इंग्रजांचं राज्य असताना!

८ जुलै १९५० रोजी सिती गेली. शाबान रॉबर्ट या नामवंत स्वाहिली लेखकाने तिचं चरित्र लिहिलं. तिचं गाणं ऐकून ऐकून शिकलेली बी किदुदे अगदी म्हातारपणापर्यंत गात होती, ती २०१३ मध्ये गेली. २०२० मध्ये सितीची पणती सिती मुहाराम हिने पणजीच्या गाण्यांचा अल्बम काढला. आणि टांझानियातल्या महिला पत्रकारांच्या संघटनेने आपल्या मासिकाला नाव दिलं, सितीचा आवाज. जिला अक्षर लावता येत नव्हतं, तिच्या नावाने मासिक!

आता माझी एक कबुली. मागच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या मेळाव्यात स्वागतगीतासाठी नावं काढत होतो. कुणीतरी त्या मडकीवाल्या बाईचं नाव सुचवलं. तिला वाचता येत नाही, कागद समोर धरून काय उपयोग, असं म्हणून मीच ते खोडलं. सामाजिक काम करते म्हणवणाऱ्या मीच! सिती कळल्यापासून ते खोडलेलं नाव मला टोचतंय.

परवा माठाचे पैसे देताना तिला विचारलं, यंदा गाशील का? ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावला. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा विचारणार आहे. गाणं तिला वाचून दाखवायचं काम माझं.