संत गोन्सालो गार्सिया : बंदिवासाची वाट आणि वाटेवरचे दोन सोबती

ख्रिस्तसभा दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांचे स्मरण करते. वास्तविक त्यांनी प्राण अर्पण केले ते ५ फेब्रुवारीला; परंतु तो दिवस संत अगाथाच्या स्मरणाचा असल्याने त्यांचा सण एक दिवस पुढे गेला. या सव्वीस जणांत आपल्या वसईचे सुपुत्र, भारतात जन्मलेले पहिले संत, गोन्सालो गार्सिया आहेत. त्यांचे चरित्र आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. मात्र क्रुसापर्यंत पोहोचण्याची आपल्याला इतकी घाई असते, की त्याआधीचे दोन महिने ते कैदी होते, ही गोष्ट एका वाक्यात आटोपली जाते. आज त्या दोन महिन्यांकडे थोडे निवांतपणे पाहू या.

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि किल्ल्यात येशूसंघीयांची शाळा होती. तेथे फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्या छायेत हा मुलगा लिहावाचायला शिकला. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो येशूसंघीयांबरोबर जपानला निघाला. त्या काळी जपानची वाट गोवा, मलाक्का, मकाव अशी होती. वसईहून गोव्याकडे जाणारे गलबत किनारा धरून चाले. हर्णे, बुरोंडी, दाभोळ, जयगड ही गावे डाव्या हाताला ठेवून आणि सह्याद्रीची निळी रेघ डोळ्यांत साठवून त्या मुलाने आपला मुलूख सोडला. पुन्हा तो परतला नाही.

जपानमध्ये त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की जपानी माणसांना ते आपलेच वाटत. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन ते जपानबाहेर पडले आणि व्यापार करू लागले. व्यापारात जम बसला, पैसा मिळाला, पण मन रमले नाही. शेवटी मनिलाला जाऊन त्यांनी फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. नकाराने कडवट झालेली माणसे आपण पाहतो. गोन्सालो कडवट झाले नाहीत, हे मला त्यांच्या चरित्रातील एक न बोलले गेलेले मोठेपण वाटते.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्या भेटीस गेले. त्याचे प्रमुख होते फादर पीटर बाप्टिस्ट, आणि दुभाषी होते ब्रदर गोन्सालो. शिष्टाई संपल्यावर हे फ्रान्सिस्कन क्योटोतच राहिले. त्यांनी तेथे चर्च आणि मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठी दोन रुग्णालये चालवली. ज्यांना घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढले, ज्यांच्या सावलीलाही लोक टाळत, त्यांच्या जखमा धुण्याचे हे काम होते. दरबारात सत्ताधीशासमोर बोलणारा दुभाषी मठात परतल्यावर याच माणसांत वावरे. टाकलेल्या माणसाच्या जवळ जाणे म्हणजे काय, हे गोन्सालो यांना चांगले ठाऊक होते. पुढे स्वतः टाकलेला माणूस होण्याची पाळी त्यांच्यावर आली.

हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून तोसाच्या किनाऱ्यावर अडकले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला, वाद वाढला आणि मिशनरी म्हणजे परकीय स्वारीची आघाडी, असा संशय हिदेयोशीच्या मनात पक्का झाला. डिसेंबर १५९६ च्या दुसऱ्या आठवड्यात क्योटो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. नावांची यादी तयार झाली. काम सोपवलेला अधिकारी इशिदा मित्सुनारी याने ती शक्य तितकी आखूड केली, तरी चोवीस नावे उरली. त्यांत गोन्सालो होते.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. तो इशिदानेच सौम्य केला. मग तिघा-तिघांना बैलगाडीत बसवून शहरातून फिरवण्यात आले. ओसाका आणि साकाई येथेही तीच धिंड निघाली. त्यानंतर भर थंडीत नागासाकीपर्यंतची सुमारे ८०० किलोमीटरची वाट सुरू झाली. वाटेतल्या प्रत्येक गावाने या माणसांना पाहावे, घाबरावे आणि त्यांच्यापासून दूर राहावे, हाच त्या प्रवासाचा उद्देश होता.

येथे आपल्या कथेत दोन माणसे येतात. त्यांची नावे सणाच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येतात.

क्योटोतील येशूसंघीय फादर ऑर्गांतिनो यांनी पीटर सुकेजिरो नावाच्या तरुणाला कैद्यांच्या मागोमाग पाठवले. त्या चोवीस जणांत येशूसंघाचे तिघे होते : पॉल मिकी, तरुण जॉन सोआन आणि दाराची राखण करणारे वृद्ध जेम्स किसाई. त्यांना वाटेत काय हवे-नको ते पाहणे, हे सुकेजिरोचे काम. दुसरा होता फ्रान्सिस नावाचा क्योटोचा सुतार. त्याने अलीकडेच बाप्तिस्मा घेतला होता. त्याला कोणी पाठवले नव्हते. तो आपणहून निघाला. दोघे दिवसभर पहारेकऱ्यांच्या मागे चालत आणि संधी मिळेल तेव्हा कैद्यांना मदत करीत. काही दिवसांनी पहारेकऱ्यांना त्यांचा उपद्रव वाटू लागला. तुम्हीही ख्रिस्ती आहात काय, असे विचारले गेले. दोघांनी होकार दिला. त्यांनाही पकडून त्या रांगेत बांधण्यात आले. यादीत त्यांची नावे नव्हती, त्यांच्याविरुद्ध हुकूमही नव्हता. कैद्यांशी संबंध तोडला नाही, एवढाच त्यांचा अपराध. चोवीसचे सव्वीस झाले ते असे.

त्या काळी जपानमधील येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात कामाच्या पद्धतीवरून बरेच मतभेद होते, हे येथे सांगायला हवे. एका संघाला दुसऱ्याचा उघड उत्साह धोक्याचा वाटे, दुसऱ्याला पहिल्याची सावधगिरी भित्रेपणाची वाटे. तरुणपणी येशूसंघाने न स्वीकारलेले गोन्सालो आता येशूसंघाच्या तिघांबरोबर एकाच वाटेने चालत होते. साखळदंडांनी तो वाद मिटवला.

बंदिवानांची सोबत ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नाही. प्रेषित पौल कैदेत असताना फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत याला मदत घेऊन पाठवले. तो तेथे इतका आजारी पडला की मरणाच्या दारी पोहोचला. दुसरा एक सोबती, अनेसिफर, पौलाला शोधत रोममध्ये फिरला आणि त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही, असे पौलानेच तिमथ्याला कळवले. संत मत्तयच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात तुरुंगातल्या माणसाकडे जाणे हे भुकेल्याला अन्न देण्याच्या बरोबरीने सांगितले आहे. तेथे तो कैदी अपराधी की निरपराध, हा प्रश्न प्रभूने विचारलेलाच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. दापोली तालुक्यातील बुरोंडी या मच्छीमारांच्या गावाचे उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्हा २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. येथे आपली घरे विरळ, अंतरे मोठी. समजा, अशा गावातील एक मुलगा कच्चा कैदी म्हणून रत्नागिरीच्या कारागृहात गेला. त्याच्या आईला भेटीला जायचे तर किनाऱ्याच्या वाटेने दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडायची, गुहागर तालुका पार करायचा, तवसाळला पुन्हा फेरीबोट धरायची आणि जयगडहून पुढे रत्नागिरी गाठायची. मजुरीचा एक दिवस बुडतो. ओळखपत्र विसरले, वार चुकला, तर तसेच माघारी. एवढे करून भेट मिळते ती मोजक्या मिनिटांची. गावात परतल्यावर नळावर आणि बाजारात नजरा चुकवल्या जातात, ते वेगळेच. अशा आईबरोबर एकदा त्या फेरीबोटीत बसणे, हे सुकेजिरोचे काम आहे. पोस्टकार्ड लिहिणे, घरच्यांची खुशाली कळवणे, मुलांच्या शाळेची फी भरली गेली आहे ना ते पाहणे, हेही त्याच जातीचे.

२०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, म्हणून ते आतच राहतात. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही माहिती खेड्यातल्या घरापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचवायला मोठी संस्था लागत नाही. ज्यांना संघटितपणे काम करायचे आहे त्यांच्यासाठी १९८१ मध्ये केरळात सुरू झालेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ आहे. स्वतः छळछावणीतील कैदी असलेले संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे तिचे आश्रयदाते.

आता पुन्हा त्या वाटेकडे वळू. कैद्यांत तीन मुले होती : लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचे वडील मायकेल हेही त्याच रांगेत होते. मिहारा येथील मुक्कामात थॉमसने आईला पत्र लिहिले. आपण व वडील कोठे चाललो आहोत हे सांगून त्याने तिला धीर दिला आणि धाकट्या भावंडांची काळजी घेण्यास विनवले. ते पत्र आईपर्यंत गेले नाही. मुलाच्या आणि बापाच्या मृत्यूनंतर ते बापाच्या कपड्यांत, रक्ताने भिजलेले सापडले. चौदा वर्षांच्या कैद्यालाही सर्वांत आधी घरी निरोप धाडावासा वाटला. कारागृहातून येणाऱ्या पत्राला उत्तर देण्याचा कंटाळा करणाऱ्या नातलगांनी हे पत्र आठवावे.

४ फेब्रुवारीच्या रात्री सोनोगीहून त्यांना होड्यांत बसवून आणले गेले; थंडीत, हात बांधलेल्या अवस्थेत ती रात्र होडीतच गेली. नागासाकीची जबाबदारी तेराझावा हानझाबुरो या अधिकाऱ्यावर होती. तो पॉल मिकीचा जुना परिचित. त्याला हे काम नकोसे होते. बारा वर्षांच्या लुईसला पाहून त्याचे मन हेलावले आणि धर्म सोडल्यास सुटका करण्याची तयारी त्याने दाखवली. मुलाने ती नाकारली. फादर पासिओ आणि फादर रॉड्रिग्ज यांना मात्र त्याने कैद्यांना भेटू दिले. उराकामीच्या कुष्ठरुग्णालयात ही अखेरची भेट झाली, आणि जॉन सोआन व जेम्स किसाई यांनी तेथे येशूसंघाची व्रते घेतली. फार वेळ मिळाला नाही. पण कोणीतरी दारापर्यंत आले होते.

क्योटोत कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या गोन्सालो यांचा मरणापूर्वीचा शेवटचा थांबा कुष्ठरुग्णालयात असावा, या योगायोगावर फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. परंपरा सांगते की टेकडीवर प्रथम पोहोचले ते गोन्सालो, आणि आपला क्रूस कोणता हे विचारून ते त्याच्याजवळ गेले. दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी त्यांना क्रुसावर बांधण्यात आले. जॉन सोआनचा बाप मुलाच्या क्रुसाजवळ येऊन त्याचा निरोप घेऊन गेला. चोहोबाजूंनी लोक जमले होते. पहाऱ्याला न जुमानता काही जण जवळ सरकत होते. मग भाले चालले. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्य म्हणून घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संतपदाचा मान दिला. १९६२ मध्ये, संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, निशिझाका टेकडीवर स्मारक उभे राहिले. तेथे सव्वीस जणांच्या कांस्यमूर्ती एका रांगेत आहेत. त्यांत वसईचे गोन्सालो आहेत, आणि ज्यांची नावे मूळ यादीत नव्हती ते सुकेजिरो आणि सुतार फ्रान्सिसही आहेत.