एका पैची चूक आणि नऊ हजार ओव्या

एकनाथ महाराज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल कडेवर उचलून घेणारे नाथ, काशीहून आणलेले कावडीतले गंगाजल तहानलेल्या गाढवाच्या मुखी घालणारे नाथ, श्राद्धाचा स्वयंपाक दारी आलेल्या भुकेल्यांना वाढणारे नाथ. कीर्तनांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून ही चित्रे आपल्या मनात बसली आहेत, आणि ती बसायलाच हवीत. पण सारी उमेद बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला नाथांच्या चरित्रातले आणखी एक काम फार ओढ लावते. ते काम आहे एका दुरुस्तीचे.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ सालचा. विजयनगराहून विठ्ठलाची मूर्ती पंढरपुरास परत आणली अशी ज्यांची ख्याती, ते संत भानुदास त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही लवकर गेले. आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवले. बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून देवगिरीला गेला आणि जनार्दनस्वामींच्या पायाशी बसला, असे चरित्रकार सांगतात. देवगिरीचा किल्ला १४९९ पासून अहमदनगरच्या निजामशाहीत होता. चाळीसगावचे जनार्दनस्वामी त्या किल्ल्यावरचे बडे अधिकारी. म्हणजे नाथांचे गुरुकुल हे एक सरकारी दफ्तरही होते. ज्ञानेश्वरी आणि भागवताच्या जोडीला वसुलाचे कागद, जमाखर्च आणि फारसी शब्दांनी भरलेला पत्रव्यवहार त्यांच्या रोजच्या पाहण्यात होता. पुढे नाथांनी अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा सरकारी कागदांच्या थाटात भक्तीची रचना केली, तिचे मूळ या दफ्तरात आहे.

याच दफ्तरातली ती प्रसिद्ध आख्यायिका. स्वामींनी हिशेब तपासायला सांगितला. ताळा जमेना, एका पैचा फरक येत होता. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल, असा बोध त्यांनी शिष्याला केला. कीर्तनकार या बोधापाशी थांबतात. आम्हा हिशेबनीसांचे मन मात्र त्या टाळीपाशी घुटमळते. संगणक येण्यापूर्वी सहामाहीचा ताळेबंद जुळवताना रात्री बारा वाजता चार पैशांचा फरक शोधणाऱ्या माणसाला त्या टाळीचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. फरकाला नवाने भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल शोधायची, ही आमची जुनी युक्ती. चार पैसे खिशातून घालून काम कुणालाही उरकता येईल, पण मग चूक पुस्तकातच राहते. ती शोधायचीच, हा एक स्वभाव असतो. तो नाथांचा होता.

नाथांचे चरित्र ‘भक्तलीलामृता’त विस्ताराने सांगणारे महिपती हेही आमच्याच जातकुळीचे. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे ते कुलकर्णी. सरकारी लेखणी खाली ठेवून त्यांनी संतचरित्रांची लेखणी हाती घेतली आणि १७७४ साली हा ग्रंथ पुरा केला.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तिथल्या एका खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी श्रद्धा आहे. काळ शके १२१२, म्हणजे १२९०. देवगिरीवर रामदेवराव यादवाचे राज्य. ओव्या सुमारे नऊ हजार. त्या काळी छापखाना नव्हता. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा हाताने प्रती होत गेल्या. लागोपाठच्या दोन ओव्या एकाच शब्दाने संपल्या, की नक्कलकाराची नजर घसरून मधली ओळ गळते. जुना शब्द कळला नाही, की त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसतो. कुणाला सुचलेली ओवी समासात लिहिली जाते आणि पुढचा नक्कलकार ती ग्रंथातच घेतो. मधल्या काळात यादव गेले, बहमनी आले, निजामशाही आली, बोलण्यातली मराठीही बदलली. सुमारे तीनशे वर्षांत एका ग्रंथाच्या कितीतरी ज्ञानेश्वऱ्या झाल्या.

बरे, हा काही एकदा वाचून ठेवून द्यायचा ग्रंथ नव्हे. लोक त्याचे पारायण करीत, अडले की त्यात पाहत, प्रवचनात त्याचा आधार देत. आधाराच्या ग्रंथातच चूक असली, की त्यावर उभे राहणारे सगळेच वाकडे होते.

नाथांनी हे काम अंगावर घेतले. आळंदीच्या अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली आहे, असे ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन सांगितले आणि नाथांनी आळंदीस जाऊन समाधीचा शोध घेतला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचे काम कथेइतके रंजक नाही. पोथ्या जमवायच्या, ओवीशी ओवी ताडून पाहायची, कोणता पाठ मूळचा आणि कोणता मागाहून घुसलेला ते ठरवायचे. शके १५०६, म्हणजे १५८४ च्या भाद्रपदात, कपिलाषष्ठीला ते पुरे झाले. तेव्हा अहमदनगरच्या तख्तावर मुर्तजा निजामशहा होता आणि नाथ पन्नाशीचे होते.

या कामातला नाथांचा संयम मला सर्वांत मोठा वाटतो. हा माणूस काही कोरडा नक्कलकार नव्हता. ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहून झाले होते. १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवताच्या १८,००० हून अधिक ओव्या त्यांच्या नावावर होत्या. घरोघर गायली जाणारी भारुडे त्यांची. एखादी ओवी अडली, तर तिथे स्वतःची सुरेख ओवी बसवणे त्यांना डाव्या हाताचा मळ होता. त्यांनी तो मोह धरला नाही. उलट ग्रंथाच्या शेवटी ताकीद लिहून ठेवली, की या ग्रंथात कुणी आपली ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. आजही भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती पाळतात. ग्रंथ शुद्ध झाला तोच त्याचा जन्मदिवस मानला गेला. दुरुस्तीला इतका मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली एक वेगळी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती नाथांच्या आधीची आहे, असे त्यांचे म्हणणे. तिच्यातली भाषा अधिक जुन्या वळणाची दिसत होती. मग प्रश्न आला, की शुद्ध करताना नाथांकडूनही काही जुनी रूपे नवी झाली का? हा वाद अभ्यासकांत पुष्कळ रंगला. तो मिटणे कठीण, याचे कारणही उघड आहे. कोणत्या ठिकाणी काय होते आणि आपण काय केले, याची यादी नाथांनी मागे ठेवलेली नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती.

बँकेत नोकरी लागली, की पहिल्या आठवड्यात एक धडा मिळतो. चुकीचा आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर दुसरा आकडा गिरवायचाही नाही. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. चूकसुद्धा वाचता आली पाहिजे. उद्या दुरुस्तीच चुकीची निघाली, तर परत मागे जाता येते.

संगणकाच्या क्षेत्रातली मुलेही हाच नियम पाळतात, हे मला अलीकडे कळले. पायथन नावाची एक संगणकभाषा आहे. (नाव पैठणच्या जवळचे, हा केवळ योगायोग!) तिच्यात याद्या हाताळायच्या अनेक आज्ञा आहेत आणि प्रत्येक आज्ञा नेमके काय करते हे सांगणारा संदर्भग्रंथ आहे. यादी क्रमाने लावायच्या दोन आज्ञा आहेत. ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलून टाकते, ‘सॉर्टेड’ मूळ यादी तशीच ठेवून नवी हाती देते. एवढा एक फरक संदर्भग्रंथात चुकीचा छापला गेला, तर त्यावर विसंबून लिहिलेले कितीतरी प्रोग्राम बिघडतील. म्हणून चूक दिसली, की कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. जाणकार ती तपासतात, आणि जुना मजकूर कुणी, केव्हा, का बदलला याची नोंद कायम राहते.

ऐकताना मला नाथ आठवले. त्यांची दुरुस्ती त्या पहिल्या आज्ञेसारखी, मूळ यादीच बदलणारी ठरली. राजवाड्यांमुळे जुनी प्रत पुन्हा पाहायला मिळाली, हे आपले भाग्य. पण नाथांना त्याबद्दल बोल लावणे मला पटत नाही. त्यांनी हात घातला नसता, तर आणखी दोनशे वर्षांत किती पाठ आणि किती उपऱ्या ओव्या शिरल्या असत्या! आज राजवाडे प्रत कुठे वेगळी आहे हे आपण सांगू शकतो, कारण ताडून पाहायला नाथांची एक पक्की प्रत हाताशी आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली, नाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. ‘भावार्थरामायण’ अपुरे राहिले होते, ते गावबांनी पुरे केले. पुढच्याच वर्षी अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. ज्या राज्याच्या दफ्तरात ती पै सापडली, ते राज्यही पुढे बुडाले.

नेवाशाची प्रवरा गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणला नाथसागरात येते. आता पारायणाला बसाल, तेव्हा शेवटच्या पानावरच्या नाथांच्या त्या चार ओळी घाईने उरकू नका. नऊ हजार ओव्या तपासून झाल्यावर केलेली एका हिशेबनिसाची ती सही आहे.