डॉक्टर स्वतःहून विचारायचे! कोण होते डॉ. डिकिन्सन?

गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर शरीरसंबंध कधी ठेवायचे, त्रास होईल का? हे प्रश्न अनेक महिलांच्या ओठांवरच राहतात. अमेरिकेतील ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट लाटू डिकिन्सन (१८६१-१९५०) यांनी ही अडचण शतकभरापूर्वीच ओळखली होती. पेशंट संकोचते, म्हणून ते स्वतःच लैंगिक जीवनाबद्दल विचारत, चित्रं काढून नोंदी ठेवत. अशा हजारो नोंदी जमल्या. १९२० मध्ये ते अमेरिकन गायनॅकॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्या नोंदींवर आधारित ‘अ थाउजंड मॅरेजेस’ हे पुस्तक त्यांनी लुरा बीम यांच्यासह १९३१ मध्ये लिहिलं. लैंगिक वर्तनाचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांच्यावरही त्यांचा प्रभाव होता.

तुमचं ऑपरेशन ठरलंय? डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्हीच विचारा.