पाच बाटल्या

आचार्य दोंदे मार्गावरून चालत शाळेत येणाऱ्या आपल्या बॅचला ‘हाफकिन’ म्हटलं की साप आठवतात. सहावीत आपल्याला तिथे सापाचं विष कसं काढतात ते दाखवायला नेलं होतं आणि पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी अंगावर दोरी टाकत होतं. त्या फाटकावर ज्यांचं नाव आहे ते हाफकिन कोण, हे मात्र मी चाळिशी ओलांडल्यावर वाचलं. स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयीच लिहायचं ठरवलं, त्याचं कारण शेवटी सांगते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसात, एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना इथे पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडीशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली, ताप काढला, आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस उपयोगी पडते हे दिसलं. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबातल्या मुलकोवाल या गावी (आज ते पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लस लवकर आणि जास्त प्रमाणात तयार व्हावी म्हणून कृती बदलली होती. कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भर दिला होता. चौकशीचं बोट नेमकं तिथेच गेलं. बाटली मुंबईतच दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना प्रयोगशाळेतून दूर केलं गेलं. त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला.

पण जबान्यांमध्ये आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. त्या बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि एवढ्याने ते मरत नाहीत. चिमटा आगीवर धरायला हवा होता. बाकीच्या चार बाटल्यांनी कुणाला धनुर्वात झाला नाही, याचाही अर्थ लागत होता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावे पुन्हा तपासले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्या वर्षअखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. ते कलकत्त्याला परत आले, पण माणसांवर लसीच्या चाचण्या घ्यायची मुभा त्यांना मिळाली नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० साली लोझानमध्ये त्यांचं निधन झालं.

ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हाफकिन यांच्यावर अन्याय झाल्याचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तो मदतनीस डोळ्यांपुढे आला. हाफकिन सुटले म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारायचा का? पडलेल्या चिमट्याचं काय करायचं हे त्याला कुणी नीट शिकवलं होतं का? पाच वर्षं वाद ‘कोणी केलं’ यावरच चालला.

आता माझं कारण. मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी एकाच नावाच्या दोन रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट अदलाबदल झाले. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी तपासणी पुन्हा करायला लावली, म्हणून निभावलं. ठपका मात्र रात्रपाळीच्या ऑपरेटरवर आला आणि त्याला घरी बसवलं. त्याच रात्री मी कोड उघडला. रिपोर्ट शोधताना रुग्णाच्या क्रमांकाऐवजी नाव धरणारी ओळ माझीच होती. हे सांगायला मी दोन दिवस लावले. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. बोलणी खाल्ली, नोकरी राहिली. ऑपरेटर कामावर परत आला. क्रमांक जुळल्याशिवाय रिपोर्ट पुढेच जाणार नाही, अशी सोय आम्ही केली. आता टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मुलकोवालच्या पाच बाटल्यांची गोष्ट सांगते, आणि तिच्या पाठोपाठ माझ्या दोन दिवसांचीही. दुसरी सांगताना अजून घसा कोरडा पडतो.

मेळाव्याला येताना त्याच फाटकावरून याल. पाटीकडे जरा बघा.