डिमिल आणि एका डॉलरची वर्गणी
‘द टेन कमांडमेंट्स’चे दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८१ रोजी अमेरिकेत झाला. १९३६ पासून ते ‘लक्स रेडिओ थिएटर’ ही लोकप्रिय नभोनाट्यमाला सादर करीत.

१९४४ मध्ये कॅलिफोर्नियात सक्तीच्या संघटना-सदस्यत्वावर बंदी घालणारा प्रस्ताव सार्वमतास आला. त्याविरुद्धच्या प्रचारासाठी नभोवाणी कलावंतांच्या संघटनेने प्रत्येक सदस्याकडून एक डॉलर मागितला. प्रस्तावाचे समर्थक असलेल्या डिमिल यांनी नकार दिला. प्रस्ताव फेटाळला गेला. मात्र सदस्यत्व निलंबित झाल्याने जानेवारी १९४५ मध्ये त्यांना कार्यक्रम सोडावा लागला.

स्वतःच्या मताविरुद्ध पैसे देण्याची सक्ती अन्यायकारक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा निर्णय सर्वांना बंधनकारक, ही संघटनेची भूमिका न्यायालयांनी ग्राह्य धरली.

२१ जानेवारी १९५९ रोजी डिमिल यांचे निधन झाले. तो डॉलर त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही.